नचिकेताचे प्रश्न आणि आपले नास्तिक मित्र



आजचं वाचन : कठोपनिषद, पहिला अध्याय, पहिली वल्ली.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, तरी थोडक्यात सांगतो. वाजश्रवस नावाच्या एका गृहस्थाने यज्ञ मांडला. जवळ जे काही आहे ते सगळं दान करायचं, असा तो यज्ञ. दक्षिणेसाठी गायी निघाल्या. पण कशा? पाणी पिऊन झालेल्या, चारा खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या, आता वासरू होण्याची आशा नसलेल्या. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर भाकड गायी. देणाऱ्याला जड झालेल्या आणि घेणाऱ्याच्या गळ्यात पडणाऱ्या.

हे सगळं त्याचा मुलगा नचिकेत बघत होता. वय लहान. त्याने वडिलांना विचारलं की मला कोणाला देणार? सर्वस्व द्यायचंय ना, मग मीही त्यातच आलो की. एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. वडील चिडले आणि म्हणाले की तुला मृत्यूला देतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे, आणि आजचं चिंतन तिच्यावरच आहे. त्या गायी जाताना बघून मुलाच्या मनात काय आलं, ते सांगायला उपनिषद कोणता शब्द वापरतं? शंका आली, राग आला, अविश्वास वाटला, असं काही म्हणत नाही. ते म्हणतं, त्या मुलात श्रद्धा शिरली. आणि श्रद्धा शिरली म्हणून त्याने प्रश्न विचारला.

आपल्याला लहानपणापासून उलटं शिकवलं जातं. श्रद्धा असली की गप्प बसायचं, प्रश्न विचारला की श्रद्धा कमी पडली. उपनिषदात मात्र मांडवभर मोठी माणसं असताना श्रद्धा शिरली ती प्रश्न विचारणाऱ्या मुलात.

हा विषय आज का

सत्संगात, विशेषतः तरुण मुलामुलींकडून, एक प्रश्न वारंवार येतो. "दादा, ही नास्तिक मंडळी आपल्या श्रद्धेच्या मागे हात धुऊन का लागतात? त्यांना नाही पटत तर नका मानू. आम्हाला कशाला छळायचं?" विचारणाऱ्याच्या घरात किंवा ऑफिसात असा एखादा माणूस असतोच. कुणाचा रूममेट, कुणाची बहीण, कुणाचा नवरा. एकादशीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी मिटक्या मारत खाणार आणि खाता खाता विचारणार, "खरंच वाटतं का तुला, की याने काही होतं?"

उत्तर म्हणून आपल्याकडे फॉरवर्ड तयार असतात. ते विकले गेलेत, त्यांना आपली संस्कृती बुडवायची आहे, वगैरे. फॉरवर्ड पाठवायला दोन सेकंद लागतात, आणि त्यानंतर तो रूममेट आपल्याशी बोलणं बंद करतो. म्हणून आज थोडं थांबून बघू, की ही माणसं नेमकं विचारतात काय.

आधी शब्द नीट समजून घेऊ. आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे मुळात 'वेदांचं प्रामाण्य न मानणारा'. त्या अर्थाने जैन आणि बौद्ध ही दर्शनंही नास्तिक. उलट जुनं सांख्य दर्शन जगाची मांडणी ईश्वराशिवाय करतं, तरी त्याला आस्तिक म्हणतात, कारण ते वेद मानतं. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी सगळ्या दर्शनांची ओळख करून देणारा 'सर्वदर्शनसंग्रह' लिहिला. त्याची सुरुवातच चार्वाकापासून आहे. म्हणजे परलोक, आत्मा, यज्ञ यातलं काहीच न मानणाऱ्याचं म्हणणं आधी ऐकायचं आणि मग पुढे जायचं. आपल्या घरात हा पाहुणा नवा नाही.

तीन प्रश्न, एकच गठ्ठा

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एकाच तक्रारीत तीन वेगवेगळ्या अडचणी आल्या, तर आधी त्या सुट्या कराव्या लागतात. नाहीतर एकीचं उत्तर दुसरीला चिकटवलं जातं आणि तिन्ही तशाच राहतात. नास्तिकांच्या बोलण्यातही मला तीन वेगळे प्रश्न दिसतात.

पहिला : देव आहे कशावरून?
दुसरा : देवाच्या नावाखाली माणसांचं हे जे नुकसान चाललंय, त्याचं काय?
तिसरा : तुमची श्रद्धा तुमच्यापाशी, पण तिचे नियम माझ्यावर आणि सगळ्या समाजावर का?

आपण तिन्हींचा एकच गठ्ठा करतो आणि त्यावर 'धर्मद्वेष' असं लेबल लावतो. नुकसानाबद्दल कोणी बोललं की आपण देवाच्या अस्तित्वाचे पुरावे द्यायला लागतो. ते देवाबद्दल बोलले की आपण संस्कृतीचा इतिहास सांगतो. तर एकेक करून बघू. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण माणसं त्यात मरतात.

नुकसानाचा प्रश्न

माझं गाव सोनपेठ. एका अंगाला परळी वैजनाथ, दुसऱ्या अंगाला जनाबाईंचं गंगाखेड. अशा ठिकाणी वाढल्यावर भक्ती वेगळी शिकावी लागत नाही. पण आमच्याच परभणी जिल्ह्यात मानवतही आहे. १९७२ ते १९७४ या काळात मानवत परिसरात एकामागून एक बायका आणि लहान मुलींचे खून झाले. तपासात पुढे आलं ते गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या आशेने केलेले बळी. मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांच्यासारखे अधिकारी तपासाला आले. अमोल पालेकरांचा 'आक्रीत' (१९८१) याच प्रकरणावरून सुचलेला, आणि २०२४ मध्ये त्यावर वेब सिरीजही आली. तुमच्यापैकी अनेकांनी ती बघितली असेल आणि थ्रिलर म्हणून विसरूनही गेला असाल. आमच्याकडे ते थ्रिलर नव्हतं. जुनी माणसं अजूनही तो विषय निघाला की आवाज खाली घेतात.

मानवत हे टोकाचं उदाहरण आहे, कबूल. पण त्याच्या अलीकडच्या पायऱ्या मराठवाड्यात कोणाला माहीत नाहीत? घरावर दगड पडतात, कपडे आपोआप पेटतात, बाई घुमते, म्हणून 'भानामती'चा संशय शेजारणीवर. शेतात साप चावला की दवाखान्याच्या आधी मांत्रिक. पैशांचा पाऊस पाडून देतो म्हणणारा कोणी, आणि त्यासाठी जमीन गहाण टाकणारा आपल्याच नात्यातला कोणी.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा प्रश्न हा होता. साताऱ्याचा हा डॉक्टर, एकेकाळचा नावाजलेला कबड्डीपटू. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती सुरू केली. समितीची भूमिका उघड होती : देवाधर्माला विरोध नाही, त्यांच्या नावाने होणाऱ्या शोषणाला विरोध आहे. ते स्वतः नास्तिक होते, आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण ज्या 'साधना' साप्ताहिकाचे ते संपादक होते, ते १९४८ साली सुरू केलं होतं साने गुरुजींनी. एका भक्त माणसाने लावलेलं झाड एका नास्तिकाने वर्षानुवर्षं जपलं, आणि त्यात दोघांनाही काही विसंगत वाटलं नसतं.

समितीने ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षं धडपड केली, त्याला विरोध करणाऱ्यांत आपल्या वारकरी मंडळींपैकीही काही जण होते. वारी बंद पडेल, कीर्तनावर गुन्हे दाखल होतील, अशी भीती होती. आज तो कायदा शोधून वाचा, फार मोठा नाही. वारी, यात्रा, प्रदक्षिणा, हरिकथा, कीर्तन, प्रवचन, भजन, घरातली आणि मंदिरातली उपासना, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणं, हे सगळं या कायद्याबाहेर आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. गुन्हा कशाला म्हटलंय? करणी-भानामतीच्या नावाने अघोरी कृत्यं आणि नरबळी. साप किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवणं. चमत्कार दाखवून पैसे उकळणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. कोणत्याही एका धर्मासाठी तो केलेला नाही.

आता प्रामाणिकपणे सांगा, यातल्या कोणत्या गोष्टीसाठी आपल्या भक्तीला लढावंसं वाटतं?

थोडं मागे जाऊ. गोपाळ गणेश आगरकर, जन्म १८५६, १८८८ मध्ये 'सुधारक' पत्र काढलं. विधवांचं केशवपन, बालविवाह, मुलींचं शिक्षण यावर त्यांनी इतकं परखड लिहिलं की पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. प्रेतयात्रा काढणाऱ्यांना वाटत होतं की ते धर्म वाचवतायत. आज तुमच्या माझ्या घरात विधवा आजीचे केस कापावेत असं म्हणणारा एक तरी भक्त सापडेल का? सव्वाशे-दीडशे वर्षांत आपण सगळे त्या बाबतीत आगरकरांच्या बाजूला गेलो. देव तिथेच आहे, विठोबाही तिथेच आहे. मग त्या वेळी जे वाचवायला लोक रस्त्यावर उतरले होते, ते नेमकं काय होतं?

गीतेची चाळणी

कोणी म्हणेल की ही सगळी बाहेरची मोजपट्टी झाली, शास्त्रात श्रद्धा म्हणजे श्रद्धाच. तसं नाही. गीतेचा सतरावा अध्याय उघडा. अर्जुनच विचारतो की शास्त्रविधी सोडून पण श्रद्धेने पूजा करणाऱ्यांची निष्ठा कोणती समजायची? श्रीकृष्ण सरसकट 'श्रद्धा आहे ना, मग झालं' असं उत्तर देत नाहीत. ते श्रद्धेचे तीन प्रकार सांगतात. दंभाने आणि हट्टाने घोर तप करून शरीराला पिळणारे, त्या शरीरात राहणाऱ्या परमात्म्यालाही पिळतात, असं सांगतात. दुसऱ्याचा नाश व्हावा म्हणून केलेलं तप तामसी ठरवतात. म्हणजे श्रद्धेलाही चाळणी लावायची असते, हे भगवंतांनीच सांगून ठेवलंय.

माऊलींनी ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणं सांगताना एक भक्त रंगवलाय. आज हा देव, उद्या तो देव, चतुर्थीला एकाचा, चतुर्दशीला दुसऱ्याचा, नवस सगळ्यांचे आणि निष्ठा कोणावरच नाही. या धावपळीला माऊली भक्ती म्हणत नाहीत, अज्ञानाच्या खात्यात टाकतात. असं काही आज एखाद्या नास्तिकाने लिहिलं असतं, तर आपण त्याला ट्रोल केलं असतं.

तुमचे नियम माझ्यावर का?

आता तिसरा प्रश्न. हा श्रद्धेच्या समाजातल्या वजनाबद्दल आहे. शहरात राहणाऱ्या आपल्याला हा रोज भेटतो.

संविधानाचं कलम २५ आपल्याला धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. पण त्यात आधी येतं सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य, आणि ते न मानणाऱ्यालाही तेवढंच लागू आहे. शिवाय हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून आहे. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद ठेवण्याचा नियम त्यातूनच समजून घेता येतो. आपल्या मंडळाच्या भिंतीपलीकडे हृदयाचा पेशंट झोपलेला असतो. त्याने आवाज कमी करायला सांगितलं तर तो गणपतीचा शत्रू होत नाही.

आणि हे वजन फक्त आवाजाचं नाही. मंदिराच्या आत कोणी यायचं, हे कोण ठरवणार? २ मार्च १९३० ला बाबासाहेब आंबेडकरांनी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू केला. काही वर्षं तो चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तो दरवाजा बंद ठेवणारे सगळे आस्तिक होते. कोणी धर्माला आव्हान देतो तेव्हा 'तो बाहेर का गेला' हे विचारण्याआधी 'त्याला आत कोणी येऊ दिलं नाही' हे विचारावं लागतं.

पंढरपुरात तर आपल्या चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे. त्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ ला उपोषणाला बसले आणि १० मेला दार उघडण्याचं मान्य झाल्यावर त्यांनी उपोषण सोडलं. आज आषाढीला रांगेत उभं राहून 'इथे सगळे सारखे' असं आपण अभिमानाने म्हणतो. त्या अभिमानाची किंमत दहा दिवस उपाशी राहून कोणीतरी मोजली आहे. शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता आलं, ते २०१६ च्या गुढीपाडव्याला, आणि त्याआधी आंदोलनं झाली, कोर्टात जावं लागलं.

"हे सगळं आपल्यालाच का विचारतात?" हे आपलं नेहमीचं वाक्य. तर हमीद दलवाईंचं नाव ऐकून ठेवा. १९६६ मध्ये सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा त्यांनी मुंबईत सचिवालयावर नेला, तोंडी तलाकच्या विरोधात. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. त्यांच्याच समाजातून त्यांना कडवा विरोध झाला. दाभोलकरांनी आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं, ते यांच्यावरूनच. प्रश्न विचारणारा प्रत्येक घरात असतो, आणि प्रत्येक घराला वाटतं की तो फक्त आपल्यालाच छळतो.

देव आहे कशावरून?

आता पहिला आणि सगळ्यात अवघड प्रश्न. इथे मी तुम्हाला हुकमी उत्तर देणार नाही, कारण मला वाटतं की ते वादात देताच येत नाही.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी आणि आसपासची गावं जमीनदोस्त झाली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचं विसर्जन करून माणसं झोपली होती. दगडमातीच्या जाड भिंती अंगावर आल्या आणि हजारो माणसं गेली. मराठवाड्यातल्या माझ्या पिढीने हे आईवडिलांच्या तोंडून ऐकलंय.

एखादा नास्तिक विचारतो, "रात्री ज्याला निरोप दिला, तो पहाटे कुठे होता?" हा टिंगलीचा प्रश्न नाही. अनेकांची नास्तिकता अशाच एखाद्या पहाटेला सुरू होते. आणि त्याला नास्तिक पक्कं कोण करतं? 'त्यांच्या पापाचं फळ', 'कर्मभोग', 'देवाची मर्जी' असली तयार उत्तरं देणारे आपण. लेकरू गमावलेल्या आईला कर्माचा हिशेब सांगणं ही भक्ती नव्हे. भूकंप का झाला, याचं उत्तर भूगर्भशास्त्र देतं. माणसं इतकी का मेली, याचं उत्तर घरांच्या बांधणीत आहे. ती उत्तरं आपण मान्य करायची. देवाने काय केलं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तिथे मी जनाबाईंकडे बघतो. दासीचं आयुष्य जगलेली ही बाई विठ्ठलाला चक्क शिव्या घालते, त्याच्याशी भांडते, आणि तरी त्याला सोडत नाही. तिची श्रद्धा तक्रार गिळून उभी राहिलेली नाही, तक्रारीसकट उभी आहे.

नास्तिकांचं सगळं बरोबर असतं असंही मी म्हणत नाही. काही जण एका भोंदूवरून सगळ्या साधुसंतांना मोजतात. काहींना वाटतं की आईची रोजची तुळशीपूजा आणि नरबळी ही एकाच वाटेवरची दोन टोकं आहेत. ते तसं नाही, आणि आपण ते शांतपणे सांगू शकतो. आमच्याकडेही टेस्टर दोन प्रकारचे असतात. एक चूक कुठे आहे ते दाखवतो, दुसरा म्हणतो सगळंच फेकून द्या. पण दुसऱ्याच्या रागात पहिल्याचं म्हणणं बुडवलं, तर नुकसान आपल्याच प्रॉडक्टचं होतं.

चिडलेला बाप आणि यमाचं दार

आता परत उपनिषदाकडे. नचिकेताच्या प्रश्नाला वडिलांकडे उत्तर नव्हतं. गायी भाकड होत्या, हे त्यांनाही दिसत होतं. उत्तर नव्हतं म्हणून राग आला, आणि रागात मुलाला मृत्यूच्या हवाली केलं.

२० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळच्या पुलावर दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ते फिरायला निघाले होते. चारच दिवसांत, २४ ऑगस्टला, जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला, आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप सुनावली. त्या दिवशी आपल्यापैकी कोणी बंदूक हातात घेतली नव्हती, हे खरं. पण 'बरं झालं' असं तेव्हा लिहिणारे आणि बोलणारे होते, आणि त्यांच्या कपाळावर गंध होतं. प्रश्नाला उत्तर नसलं की आधी राग येतो, रागातून शिवी येते, आणि शिवीला टाळ्या मिळायला लागल्या की पुढच्या पायरीसाठी कोणीतरी तयार होतो. म्हणून शिवीच्या पायरीवर थांबायचं असतं. ती पायरी आपल्या मोबाइलमध्ये आहे.

वडिलांनी असं केलं. मग प्रत्यक्ष मृत्यूने काय केलं? यम घरी नव्हता, नचिकेत त्याच्या दारात तीन रात्री उपाशी राहिला. यम परत आला तेव्हा पाहुणा उपाशी राहिला म्हणून त्याला अपराधी वाटलं. त्याने त्या मुलाला नमस्कार केला आणि तीन वर दिले. तिसऱ्या वराला नचिकेताने जे विचारलं ते लक्षात ठेवा : माणूस मेल्यावर काही जण म्हणतात तो आहे, काही म्हणतात नाही, यातलं खरं काय? आस्तिक आणि नास्तिक या शब्दांचं मूळ असलेली 'अस्ति' आणि 'नास्ति' ही दोन्ही मतं त्याने समोरासमोर ठेवली. यमाने आधी टाळायचा प्रयत्न केला. देवांनाही याबद्दल संशय होता असं सांगितलं. हत्ती, घोडे, सोनं, मोठं आयुष्य देऊ केलं. मुलगा हटला नाही. तेव्हा यम खूश झाला. तुझ्यासारखे प्रश्न विचारणारे आम्हाला मिळोत, असं तो पुढच्या वल्लीत म्हणतो.

बाप चिडला आणि मृत्यूने आदर केला. आपल्याकडे नास्तिक मित्र येतो, तेव्हा या दोघांपैकी आपण कोणासारखे वागतो?

आज करून बघायच्या तीन गोष्टी

एक. तुमच्या ओळखीतल्या एका न मानणाऱ्या माणसाला आज विचारा, "तुला नक्की कशाचा त्रास होतो?" आणि मध्ये न बोलता ऐका. वरच्या तीनपैकी त्याचा प्रश्न कोणता आहे ते मनात ठरवा. दुसरा किंवा तिसरा असेल, तर बहुतेक वेळा तुम्ही दोघं एकाच बाजूला निघाल.

दोन. घरातल्या किंवा मंडळातल्या एका रूढीला गीतेच्या सतराव्या अध्यायाची चाळणी लावा. यात कोणाला पीडा होते का? कोणाला बाहेर ठेवलं जातं का? कोणाचा खिसा रिकामा होतो का? उत्तर 'हो' आलं, तर ते आधी आपण बोलायचं. नास्तिकाने येऊन सांगायची वाट बघायची नाही.

तीन. नास्तिकांना शिव्या देणारा फॉरवर्ड आला तर पुढे पाठवू नका. जमलं तर पाठवणाऱ्या काकांना स्वतंत्रपणे, नीट, 'काका' म्हणूनच सांगा की हे आपल्या संतांना शोभत नाही.

जाता जाता नचिकेताचा पहिला वर सांगायचा राहिला. ज्याने तीनदा प्रश्न विचारून बापाला चिडवलं, त्या मुलाने यमाकडे सगळ्यात आधी काय मागितलं? माझ्या वडिलांचा राग शांत होवो, त्यांचं मन निवो, मी परत गेल्यावर त्यांनी मला ओळखावं आणि जवळ घ्यावं. प्रश्न विचारणाऱ्याला घर तोडायचं नव्हतं. त्याला घरी परत यायचं होतं.

आपल्या घरातली जी बहीण, जो मित्र आरतीला उभा राहत नाही, त्याच्यासाठी दार उघडं ठेवू. प्रसादाची वाटीही ठेवू. तो खाता खाता पुन्हा प्रश्न विचारेल. विचारू दे.

उद्या दुसरी वल्ली : श्रेय आणि प्रेय.

राम कृष्ण हरी.